तीन गिटारींसाठी उमेदवार पाहिजेत

साहेबांनी पहिलं गिऱ्हाईक दीड मिनिटात घालवलं.

"अंगठी काढा," दार उघडताच ते म्हणाले.

"अहो, लग्नाची आहे."

"मग संसार सांभाळा. अंगठीनं लाकडावर ओरखडे पडतात. या आता."

साहेब एकतीस वर्षं एका कंपनीच्या नोकरभरती खात्यात काढून नुकतेच निवृत्त झाले होते. माणूस नाकारण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ऑफिसात त्यांना पाठीमागे 'नकारघंटा' म्हणत. हे त्यांना माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. अशा माणसाला आपल्या तीन गिटारी विकायला देणं म्हणजे मास्तरांचा शुद्ध वेडेपणा. पण शाळेपासूनचा मित्र, दुसऱ्या कुणाकडे जाणार?

मास्तर चाळीस वर्षं गिटार शिकवत होते. तिन्ही गिटारी हातानं घडवलेल्या. त्यांची किंमत ऐकून साहेबांच्या बायकोनं हातातला पाण्याचा पेला जपून खाली ठेवला होता. पण मास्तरांच्या डाव्या हाताची दोन बोटं आखडली होती आणि शुक्रवारी ऑपरेशन ठरलं होतं. खरं तर दोन गिटारी विकल्या तरी खर्च भागत होता. तिसरी, सगळ्यात जुनी, मास्तरांनी वैतागून विकायला काढली होती.

"बोटं वळलीच नाहीत तर ती कोपऱ्यातून माझ्याकडे बघत बसणार," ते म्हणाले होते. "नको मला. फक्त चांगल्या हातात जाऊ देत, एवढं बघ."

हे वाक्य साहेबांनी फारच मनावर घेतलं. दाताच्या डॉक्टरीणबाईंना दवाखान्याच्या भिंतीवर टांगायला गिटार हवी होती. साहेबांनी त्यांना फोटो टांगायचा सल्ला दिला. एक तरुण वादक वाजवायचा छान, पण त्यानं चहाचा कप गिटारच्या पेटीवर ठेवला. बाद! एकानं भाव केला, म्हणजे त्याला वस्तूची किंमत कळत नव्हती. दुसऱ्यानं भाव केलाच नाही, म्हणजे त्यालाही कळत नव्हती.

रविवारी बायकोचा संयम सुटला.

"अहो, गिटारी विकताय की पोरी देताय? शुक्रवारी भावजींचं ऑपरेशन आहे!"

"पद्धत चुकतेय," साहेब गंभीरपणे म्हणाले. "एकेकाला बोलावून तुलना होत नाही. बुधवारी सगळे एकदम बोलावतो. बुधवारी विकल्या नाहीत तर नाव सांगणार नाही!"

त्यांनी स्वतःच्या हातानं जाहिरात लिहिली. 'तीन गिटारींसाठी योग्य उमेदवार पाहिजेत. अनुभवास प्राधान्य. बुधवारी सकाळी दहा वाजता समक्ष भेटावे.' विक्रीचा त्यात कुठं उल्लेखच नव्हता. एकतीस वर्षांचा हात, तो दुसरं काय लिहिणार?

बुधवारी रांग जिन्यावरून खाली फाटकापर्यंत गेली. बहुतेकांच्या हातात सर्टिफिकेटांच्या फायली. एकजण चक्क ट्रम्पेट घेऊन आला होता.

"गिटार येत नाही साहेब, पण शिकायची तयारी आहे. पगार किती?"

"पगार कसला? पैसे तुम्ही द्यायचे!"

"नोकरीसाठी आम्ही पैसे द्यायचे?" मागून कुणीतरी ओरडलं. "अरे, फसवणूक आहे ही!"

मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. वॉचमन शिट्टी वाजवत वर आला. शेवटी बायकोनं स्टुलावर उभं राहून खरा प्रकार सांगितला, तेव्हा रांग शिव्या देत पांगली. खरे घेणारे उरले बारा. दुसरा कुणी असता तर दार लावून झोपला असता. साहेबांनी फॉर्म वाटले. नावाच्या जागेवर कागदाची पट्टी चिकटवायची, म्हणजे वशिला नको, हा त्यांचा ऑफिसातला नियम. तो इथंही लागू झाला.

एवढ्यात मागच्या दारानं मास्तर आले. बायकोनं त्यांना स्वयंपाकघरात बसवलं आणि एक फॉर्म पुढं ओढला.

"नुसतं बसण्यापेक्षा हा भरू या."

"वहिनी, बोटं कुठं चालतात माझी?"

"तुम्ही सांगा, मी लिहिते."

साहेब आतल्या खोलीत फॉर्म तपासायला बसले. 'गिटार पडल्यास काय कराल?' या प्रश्नाला सगळ्यांनी 'दुरुस्त करून घेऊ' असं लिहिलं होतं. एकानं मात्र लिहिलं होतं, 'पडेल कशी? आधी मी पडेन.' साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण दिले.

"तिन्ही जागा भरल्या!" ते गर्जतच बाहेर आले. दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरवाल्यांनी तिथंच पैसे दिले आणि गिटारी छातीशी धरून नेल्या. सगळ्यात जुनी पहिल्या नंबरासाठी राखून ठेवली होती. ऑपरेशनची सोय झाली. मग साहेबांनी पहिल्या नंबरच्या फॉर्मवरची पट्टी सोलली. खाली मास्तरांचं नाव!

"अरे, वहिनींनी भरायला लावला!" मास्तर स्वयंपाकघरातून बाहेर येत कळवळून म्हणाले. "मला कसली गिटार देतोस? बोटं बघ माझी. अपात्र ठरव मला."

"वैद्यकीय तपासणी नेमणुकीनंतर असते," साहेब म्हणाले. "निवड गुणांवर झालीय. माघार नाही."

"आणि ते दोन गुण कशाचे कापलेत?" बायकोनं विचारलं.

"अक्षराचे. फार गिचमिड होतं."

"माझं अक्षर? चौतीस वर्षं झाली लग्नाला, आणि ओळखता आलं नाही?"

साहेबांनी घाईघाईनं कोरा कागद ओढून नेमणूकपत्र लिहायला घेतलं. रुजू होण्याची तारीख: टाके निघाल्यावर. चाचणीकाळ: सहा महिने.

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"आणि सहा महिन्यांत बोटं नाही वळली तर?"

"मुदतवाढ," सही करता करता साहेब म्हणाले.

एकतीस वर्षांत त्यांनी ती कुणालाही दिली नव्हती.