अण्णांच्या कॉम्प्युटरमधलं दुसरं कुलूप

पासवर्ड टाकायचा झाला की गायधनी अण्णा कीबोर्डवर पंचा टाकत आणि त्याखाली हात घालून टाइप करत. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो, तसा त्यांचा कॉम्प्युटरशी सौदा चाले.

पंचवटीतले हे आमचे शेजारी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. गल्लीतल्या बाकीच्या कॉम्प्युटरांवर लोक पत्ते खेळत. अण्णांनी आधी डिस्कच्या एका भागाला कुलूप लावलं. पासवर्ड दिला की नवा ड्राइव्ह उगवे, नाही दिला तर नुसती अक्षरांची भेळ. "डिस्क काढून मालेगावला नेली तरी भेळच!" असं ते अभिमानाने सांगत. मालेगावलाच का, ते कधी कळलं नाही.

"अण्णा, आत आहे तरी काय? अणुबॉम्बचा नकाशा?" मी एकदा विचारलं.

"लाइटबिलं."

"मग कुलूप कशाला?"

"तू आंघोळीला कडी लावतोस ना? तिथे काय अणुबॉम्ब असतो?"

ट्रंक कॉल जोडता जोडता त्यांनी अर्ध्या नाशिकची भांडणं ऐकली होती. "लोकांना वाटायचं, आपण दोघंच बोलतोय. तिसरा मी होतो!"

एका सत्यनारायणाला गल्लीतल्या पुढाऱ्याने प्रसाद घेता घेता सुनावलं, "सज्जन माणसाला लपवायचं काय असतं हो?" अण्णांनी तिथेच विचारलं, "मग तुमचं कपाट उघडा. आम्ही सगळे येतो." पुढाऱ्यांना शिरा संपवायची एकदम घाई झाली.

पुढे गायधनी काकू बरेच दिवस आजारी होत्या. त्या गेल्या, आणि काही दिवसांनी कॉम्प्युटरही घरघर करू लागला. मुलगी सुनीता आणि जावई पुण्याहून आले. जावई सॉफ्टवेअरमध्ये. आपलं बोलणं समोरच्याला कळू नये याची ते पुरेशी काळजी घेत. त्यांनी डिस्क तपासली तर कुलपं दोन निघाली. पहिलं अण्णांनी उघडून दाखवलं. आत खरोखरच लाइटबिलं होती.

"आणि हे दुसरं?"

"ते हिचं. तिला हवं होतं, करून दिलं. दुपारची लिहीत बसायची. मी ओट्यावर जायचो."

"पासवर्ड?"

"माहीत नाही."

"बाबा, आईनं लिहिलंय ते!" सुनीताचा आवाज चिरकला. "मला नको का?"

जावई म्हणाले, "डिस्क पुण्याला नेतो. पासवर्ड शोधायचे प्रोग्राम असतात. आईंनी सोपाच ठेवला असणार, देवाचं नाव वगैरे."

"न्यायची नाही."

"डिस्क मरतेय, बाबा. सगळं जाईल."

"मग कॉपी करा, जावईबापू. कुलपासकट करा. फोडायचं नाही. सबंध पुणं आणलंत तरी नाही!"

"तुम्ही तिला एकदा विचारायचं तरी," सुनीता म्हणाली.

"तिनंच विचारलं. दवाखान्यात. म्हणाली, सांगून ठेवू का? मी नको म्हटलं."

"का पण?"

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अगं, माहीत असता तर पुढच्याच दुपारी उघडलं असतं मी. घरात दुसरं कोण आहे आता?"

सुनीताने एक कोरी सीडी काढून नवऱ्याच्या हातात दिली.