प्रमाणित दोष क्रमांक तीन

एका धडधाकट, सरळ पायांच्या बाईला तुम्ही रीतसर बिघडवलंत. शिक्का मारून, सही करून, वर टाळ्या वाजवून. तुमचं नाव मी घेत नाही, कारण तुमच्या कुठल्याच कागदावर ते नसतं. खाली 'मंडळाच्या वतीने' एवढंच असतं आणि त्यावर एक गिचमीड. माझी तक्रार त्या गिचमिडीविरुद्ध आहे. पण तक्रारीतही कौतुक करायची जागा येईल तिथे मी ते करणार आहे, कारण काम तुम्ही खरोखर चोख केलंत.

आधी मूलभूत सत्य. बास्केटबॉलमध्ये ज्याच्या हाती चेंडू, त्याने समोरच्याला वाचायचं असतं. तुम्ही कोपऱ्यात मोकळे उभे आहात. लांबून पास येतो. तुम्ही शॉट मारू नये म्हणून समोरून एक बाई हात वर करून तुमच्याकडे धावत सुटते. याला क्लोजआउट म्हणतात. साध्या बोलीत, अंगावर जाणं. येताना ती काहीतरी चूक करते. ती चूक अर्ध्या क्षणात ओळखून तिचा फायदा उठवायचा, यात निम्मा खेळ आला. लिथुआनियाच्या नकाशावर आमचं आल्कुपिस शोधून सापडत नाही, पण आमच्या हॉलमध्ये अडीच हजार खुर्च्या आहेत आणि गावात माणसं अठराशे, तेव्हा ही गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पाद्रीबाबांनासुद्धा. (ते प्रवचनातही उजवीकडे हूल देतात आणि डावीकडून निघतात.)

परंतु ठाऊक असणं वेगळं आणि पद्धत असणं वेगळं. तीन वर्षांपूर्वी बास्केटबॉल मंडळाने 'वाचन पद्धत' आणली. एकशे बारा पानांची पुस्तिका, गुळगुळीत कागद, पानोपानी बाणच बाण. तिच्यात सिद्ध केलं होतं की अंगावर येणारी व्यक्ती पुढीलपैकी एक दोष करतेच:

१. फार वेगात येते. (उत्तर: तिला जाऊ द्यावं, आपण बाजूने निघावं.)
२. लांबच थांबते. (उत्तर: शॉट मारावा.)
३. एक पाय फार पुढे टाकते. (उत्तर: त्याच पायाच्या बाजूने घुसावं, तिला वळायला वेळ लागतो.)
४. उडी मारते. (उत्तर: शॉटची हूल द्यावी आणि ती हवेत असताना खालून निसटावं.)

पाचवा प्रकार नाही. जी काहीच चुकत नाही तिच्याबद्दल सत्याण्णव्या पानावर एक तळटीप आहे: 'अशी परिस्थिती सरावात उद्भवू देऊ नये.'

केवढी दूरदृष्टी! आणि ती परिस्थिती नेमकी आमच्याकडे उद्भवली. तिचं नाव रुगिले.

रुगिले एकतीस वर्षांची, चीज कारखान्यात कामाला. बारा-बारा किलोचे गोळे फळीवरून उचलायचे, पुसायचे, उलटे करून परत ठेवायचे. कामाची पाळी संपली की तशीच हॉलवर यायची. अंगाला दह्याच्या पाण्याचा वास, पिशवीत काळ्या ब्रेडचे दोन तुकडे. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: गावाच्या महिला संघाच्या बारा जणींच्या यादीत नाव. एकच मोसम. त्याहून जास्तीची मुदत गुडघे देणार नव्हते. (हे तिचं तिनेच ठरवलं होतं. डॉक्टरकडे गेलं तर तोही हेच सांगेल, म्हणून ती गेली नाही.)

पद्धत आली त्याच महिन्यातली गोष्ट. मी हॉलमध्ये गुणफलक चालवतो आणि घड्याळही. सराव असला तरी मी टेबलाशी बसतो, घरी करायला काही नसतं. कोपऱ्यात ऐस्ते उभी होती. ऐस्ते म्हणजे आमची पहिल्या क्रमांकाची खेळाडू. दिवसा औषधांच्या दुकानात बसते आणि चिठ्ठीशिवाय खोकल्याची गोळीही देत नाही. तिच्याकडे पास गेला आणि रुगिले निघाली. आधी लांब ढांगा, मग बारीक पावलं, कंबर खाली, एक हात वर, हातभर अंतरावर थांबली. वजन दोन्ही पायांवर सारखं. ऐस्ते चेंडू धरून बघत राहिली. पायांकडे बघितलं, हाताकडे बघितलं, मग ट्रेनरकडे.

"ट्रेनर, ही काही करतच नाहीये!"

"काय करत नाहीये?" ट्रेनर विगांदस म्हणाला.

"चूक! मी वाचू काय?"

"मग पास दे ना, बाई," रुगिले म्हणाली. "ती बघ, पलीकडे मोकळी उभी आहे."

"पास साठाव्या पानावर आहे. आपण अजून अठ्ठेचाळीसवर आहोत."

विगांदस वाईट माणूस नाही, हे मी इथे नमूद करतो. वाईट असता तर सोपं होतं. त्याने रुगिलेला माझ्या टेबलाजवळ बाजूला घेतलं.

"रुगिले, तू फार चांगली खेळतेस."

"मग?"

"तीच तर अडचण आहे. मंडळाला दर महिन्याला वाचनाचा टक्का कळवावा लागतो. तुझ्यामुळे तो एक्केचाळीसवर आलाय. ऐस्तेचा आत्मविश्वास चाललाय गं."

"म्हणजे मी मुद्दाम चुकू?"

"मुद्दाम कोण म्हणतंय? प्रमाणित."

नियम चौदा त्याने वाचून दाखवला. सरावात अंगावर जाणाऱ्या खेळाडूचं पद यापुढे 'दोषकर्ती' असं राहील. जी दोषकर्ती चारही दोष निर्दोषपणे करून दाखवेल, तिला मंडळाचं प्रमाणपत्र मिळेल. आणि प्रमाणपत्रधारक यादीसाठी पात्र धरली जाईल.

"यादी म्हणजे बारा जणींची?"

"बारा जणींचीच."

"खरं ना?"

"कागदावर आहे," विगांदस म्हणाला. आमच्याकडे ही शपथ समजली जाते.

पहिला, दुसरा आणि चौथा दोष रुगिलेने एका हिवाळ्यात उरकले. धावत सुटणं, लांब थांबणं, माकडासारखं उडणं, यात काय आहे, कुणीही करेल. तिसऱ्याने मात्र तिला दीड वर्ष घेतलं. तिचे पाय सरळ पडायचे, त्याला ती काय करणार? विगांदसने जमिनीवर खडूने पावलाचा आकार काढून दिला, फूटभर पुढे. तिथे उजवा पाय पडलाच पाहिजे. दिवसाला दीडशे वेळा. (हिशेब मी ठेवत होतो. घड्याळवाल्याला दुसरं काय काम?) कारखान्यातही ती दोन फळ्यांच्या मधल्या बोळात तेच करायची. तिथली म्हातारी दानुते तिला एकदा म्हणाली, "अगं, पाय असा का ओढतेस? गोळा पडला का पायावर?"

"खेळाचा सराव करतेय, मावशी."

"हा कसला गं खेळ?"

"हरायचा. तोही शिकावा लागतो."

निकाल डोळे दिपवणारे होते. वाचनाचा टक्का एक्केचाळीसवरून शहाण्णववर गेला. (उरलेल्या चारमध्ये तीन वेळा ऐस्तेला शिंक आली आणि एकदा रुगिले विसरून सरळ उभी राहिली. तिने लगेच माफी मागितली.) दुसऱ्या मोसमात संघाने चौदा सामन्यांपैकी अकरा गमावले, पण ते या आकडेवारीत धरलेले नाहीत. मंडळाच्या अहवालात कारण स्पष्ट दिलं होतं: 'प्रतिस्पर्धी संघांचे दोष अप्रमाणित स्वरूपाचे होते.' परक्या गावच्या बायका शिस्त पाळत नाहीत, त्याला आमचा संघ काय करणार?

मग प्रमाणपत्राचा समारंभ झाला. तिसऱ्या मोसमातल्या एका सामन्याच्या मध्यंतरात. नगराध्यक्ष तिसऱ्या रांगेतून उठून आले, बँड वाजला, झाडासारखा उंच शाकोतिस केक आला. रुगिलेने हॉलच्या मधोमध चारही दोष एकेक करून दाखवले. तिसऱ्याला पाय असा पडला की खडूच्या खुणेची गरजच लागली नाही. अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. मीही आनंदाच्या भरात गुणफलकावर तिच्या नावे उगाच दोन गुण लावले. रुगिले रडली. यादीत तिचं नाव बारावं लागलं होतं.

शेवटचा सामना शेजारच्या वार्नुपे गावाशी होता. जो हरेल तो खालच्या श्रेणीत जाणार. रुगिले बाकावर बसून होती, गुडघ्यांवर पंचा टाकून. चार मिनिटं उरली असताना ऐस्तेने पाचवा फाउल केला आणि ती बाहेर गेली. विगांदसने बाकाकडे पाहिलं. अकरा जणी वापरून, दमवून झाल्या होत्या.

"जा," तो म्हणाला.

त्या चार मिनिटांत तिने दोन चेंडू हिसकावले आणि एक बास्केट केला, हे मंडळाच्या अहवालात नाही म्हणून इथे लिहितो. चार सेकंद उरले. आम्ही एका गुणाने पुढे. वार्नुपेच्या एका मुलीला कोपऱ्यात पास मिळाला आणि रुगिले तिच्या अंगावर गेली. मी बटणावर बोट ठेवून बघत होतो. आधी लांब ढांगा. मग बारीक पावलं. कंबर खाली, हात वर. अस्सं! ही आमची जुनी रुगिले! आणि शेवटच्या पावलाला तिचा उजवा पाय फूटभर पुढे पडला. खडूच्या खुणेवर पडावा तसा, नेमका.

वार्नुपेच्या मुलीने कुठलीही पुस्तिका वाचलेली नव्हती. त्याच पायाच्या बाजूने ती घुसली आणि बास्केट करून मोकळी झाली. मी भोंगा वाजवला.

तेव्हा तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "अरे, कोणी शिकवलं हिला?" मग दुसऱ्या रांगेतून आला. मग सगळ्या हॉलने तोच धरला. "कोणी शिकवलं हिला? घरी पाठवा!"

रुगिले माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. विगांदस तिथेच होता.

"ट्रेनर," ती म्हणाली, "पाय बरोबर पडला ना?"

त्याने कोपऱ्यातल्या त्या जागेकडे बघितलं. "बरोबर पडला," तो म्हणाला.

आठवड्याभरात चौकशी पूर्ण झाली. पराभवाचं कारण: 'खेळाडू क्रमांक १२ हिची वैयक्तिक चूक.' तिचं नाव यादीतून काढलं. पद्धतीत कोणताही दोष आढळला नाही. पुस्तिकेची दुसरी आवृत्तीही आली आहे. एकोणपन्नासाव्या पानावर त्या क्षणाचं छायाचित्र छापलंय, पायाभोवती लाल वर्तुळ: 'दोष क्रमांक तीन, आदर्श नमुना.' खाली नाव दिलेलं नाही.

प्रमाणपत्र अजून रुगिलेच्या स्वयंपाकघरात, ब्रेडच्या डब्याच्या वर लटकतंय. मी म्हटलं काढून टाक, तर म्हणते, "कशाला? एवढंच तर मिळालंय." मी ते भिंग घेऊन तीनदा पाहिलं. शिक्का ठसठशीत आहे, तारीख आहे, दोष अनुक्रमे चारही लिहिले आहेत. सही तेवढी वाचता येत नाही. समोरच्याला वाचायचं शास्त्र काढणाऱ्यांनी स्वतःची सही अशी का करावी?

तर मंडळाने कळवावं, ती सही कोणाची आहे.

आणि तुम्ही, तिसऱ्या रांगेतले, दुसऱ्या रांगेतले, आणि हे इथवर वाचून 'बिचारी' म्हणणारेसुद्धा, तुम्ही समारंभाला उभे होतात की नाही? केकचा तुकडा घेतलात की नाही? मी दोन गुण लावले होते, हे मी वर लिहून दिलंय. भोंगा वाजल्यावर तुम्ही जो प्रश्न विचारलात तो उत्तम होता, फक्त चुकीच्या बाईला विचारलात. तोच आता मी तुम्हाला विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत टेबलावरून उठणार नाही.

कोणी शिकवलं हिला?