साहेबांचं शेवटचं प्रकरण

शारजात, अल मजाजच्या आमच्या इमारतीत, लिफ्ट आली की टिपणीसकाका दारासमोर हात आडवा धरत आणि आधी कोणी शिरायचं ते हुद्द्यानुसार ठरवत. तोवर लिफ्ट निघून जाई. "यल्ला अंकल, जल्दी!" वॉचमन ओरडे. काका शांतपणे म्हणत, "निषेधाची नोंद घेतली आहे."

ही शिस्त साहेबांची. हे साहेब म्हणजे दुसऱ्या महायुद्धात इराणमधल्या ब्रिटिश वकिलातीतला एक बडा इंग्रज मुत्सद्दी, आणि तरुण टिपणीस त्याचे स्टेनो. साहेबांची शाळा, पहिली नेमणूक, बढत्या, सगळं काकांना पाठ. नव्वदीच्या दशकात, पंचाहत्तरी ओलांडल्यावर, त्यांना साहेबांचं मराठी चरित्र हवं होतं. हात थरथरायचा, म्हणून लेखनिक मी, समोरच्या फ्लॅटमधला.

मी साम्राज्यशाहीविरोधी पत्रकं वाटत वाढलेला. म्हटलं, "काका, तुमच्या साहेबाने परक्यांचं तेल लुटलं. मी तेच लिहिणार."

"लिही. फक्त 'लूट' खोड, 'हितसंबंध' घाल."

"लूटच राहणार!"

"मतभेदाची नोंद घेतली आहे. चहा घे."

माझ्या ऑफिसला दुपारी एक ते चार सुट्टी; लिखाण त्या वेळात. काकांचा मुलगा आणि सून तेव्हा दुबईत कामावर असत. एका दुपारी वहीत महायुद्ध संपलं, साहेबांना 'सर' ही पदवी मिळाली, ते निवृत्त होऊन मायदेशी गेले. मी वही मिटली.

"थांब. शेवटच्या प्रकरणाशिवाय पुस्तक पुरं होत नाही," काका म्हणाले. मी वही पुन्हा उघडली. ते सांगू लागले, "निवृत्तीनंतर साहेब दिवसभर खिडकीत बसत. नातवाशी पुष्कळ बोलायचं असे. पण नातू उत्तर द्यायचा फक्त इंग्रजीत."

मला हसू फुटलं. "अहो काका, इंग्रज साहेबाचा नातू इंग्रजीतच बोलणार ना!"

काका हसले नाहीत.

तेवढ्यात दार उघडून त्यांचा नातू शाळेतून आला.

"जेवतोस ना रे बाळा? तुझ्यासाठी थांबलोय."

"नॉट हंग्री, आजोबा." खोलीचं दार बंद झालं.

काका त्या दाराकडे बघत राहिले. "ते नातवाचं वाक्य खोड," म्हणाले. "चूक झाली."

मी खोडलं नाही. पेन पुन्हा टेकवलं आणि विचारलं, "खिडकीतून साहेब काय बघत असत?"

काका खिडकीकडे वळून म्हणाले,

"शाळेची बस."