गजभियेकाकांचे थांबे

गजभियेकाका भर शर्यतीत थांबतात. बुटाची नाडी सुटली म्हणून नाही, पायात गोळा आला म्हणूनही नाही. रस्त्याच्या कडेला पाटी दिसली म्हणून.

हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तो अमेरिकेतल्या कोलंबस शहराजवळच्या एका हाफ मॅरेथॉनमध्ये. छातीवर नंबर, मागून माणसांचा लोंढा, दोन्ही बाजूंना घंटा वाजवून ओरडणारे लोक, आणि आमचे काका एका जुन्या दगडी घरापुढे कमरेवर हात ठेवून उभे. घरासमोर खांबावर इतिहासाची पाटी होती. ओहायोत अशा पाट्यांना तोटा नाही. इथे कुणी गिरणी काढली, तिथे कुणी पूल बांधला, अमक्या तबेल्यात कोणता सेनापती एक रात्र झोपला, सगळं धातूच्या अक्षरांत उमटवून ठेवलेलं असतं. एरवी त्या पाट्यांकडे कुणी ढुंकून बघत नाही. काका त्या वाचतात, मोठ्यानं वाचतात, आणि वाचून झाल्यावर समजावून सांगतात.

"थांबा नं जी जरा," ते म्हणाले. "पाटी बोलून राहिली."

मी मुळात उतावळी बाई. विमा कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर असल्यामुळे कुठलीही गोष्ट सुरू झाली की ती कधी संपणार, हाच विचार माझ्या डोक्यात आधी येतो. त्या दिवशी एक आजोबा, एक गरोदर बाई आणि केळ्याचा पोशाख घातलेला एक मुलगा माझ्यापुढे निघून गेले, तेव्हा मी गिरणीच्या मालकाचं दुसरं लग्न ऐकत उभी होते.

आमचा हा धावण्याचा ग्रुप डब्लिनमधला. म्हणजे आमच्या ओहायोतल्या डब्लिनमधला. दर शनिवारी सकाळी आम्ही सातआठ मराठी माणसं नदीकाठच्या रस्त्यानं धावतो. काका त्यात वयानं सर्वांत मोठे. मूळचे नागपूरचे, इथे पुलांचे इंजिनियर म्हणून उभी हयात घालवून आता निवृत्त. भेटल्यावर खणखणीत "जय भीम" म्हणणार, आणि निरोप घेताना पुन्हा एकदा. अंगकाठी बांबूसारखी. जानेवारीच्या थंडीत आम्ही सगळे महागडे थर्मल चढवून येतो, काका चक्क माकडटोपी घालून येतात. पळून झालं की त्यांच्या गाडीच्या डिकीतून तर्री-पोहे निघतात. त्या तर्रीनं नाकातोंडातून असा जाळ निघतो की बर्फातसुद्धा घाम फुटतो. या तर्रीपायीच अर्धा ग्रुप त्यांची पाटीवाचनं सहन करतो, असं माझं प्रामाणिक मत होतं.

रिया मात्र सहन करायची नाही. रिया आमच्या ग्रुपमधली फिजिओथेरपिस्ट. जन्म इथलाच, त्यामुळे मराठी समजतं, बोलताना इंग्रजी येतं. मी आणि ती एकाच वेळी ग्रुपमध्ये आलो. पाटीपुढे काका उभे राहिले की ती जागच्या जागी उड्या मारत राहायची.

"काका, प्लीज! माय हार्ट रेट इज ड्रॉपिंग!"

"हार्ट आहे नं बाई," काका शांतपणे म्हणायचे, "चालू राहते ते. पाटी न वाचता पुढं जाणं म्हणजे एखाद्याच्या दारावरून जायचं आणि कसे आहात, एवढंही विचारायचं नाही. असं करते का कोणी?"

बरं, पाटीत चार ओळी असल्या तर काकांची गोष्ट चाळीस ओळींची. गिरणीवरून पाणचक्की, पाणचक्कीवरून नागपूरचा अंबाझरी तलाव, तलावावरून कुठल्याशा पुलाचा खचलेला खांब. गोष्टीला ना शेंडा ना बुडखा. आणि ऐन रंगात आल्यावर एकदम, "चला, निघू. तुम्ही लोक फार गप्पा मारता," असं म्हणून पुन्हा धावायला लागणार.

आता मीनाकाकूंबद्दल सांगायला हवं. या काकांच्या पत्नी. त्याही धावतात. खरं तर त्या घरात धावणाऱ्या त्याच. शाळेत असताना खो-खोच्या संघात होत्या, इथे आल्यावर हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी सांभाळून रोज पळायच्या. "यांना मीच पळायला लावलं," त्या सांगतात. "नाहीतर हे बससाठीसुद्धा पळाले नसते." मग त्यांना कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, सगळं सोसून त्या उठल्या आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे कपाटातून बूट काढले. आता त्या ग्रुपच्या सर्वांत मागे असतात. पुष्कळ मागे. टोपी कपाळावर ओढून, आपल्या लयीत, एक एक पाऊल मोजून टाकल्यासारख्या येतात.

त्यांचा एकच नियम आहे. त्यांच्यासाठी कुणी थांबायचं नाही.

हा नियम कुठून आला ते त्यांनीच एकदा गाडीत मला सांगितलं. उपचारांनंतर त्या ग्रुपमध्ये परत आल्या, तेव्हा एक भला माणूस वळणावर त्यांच्यासाठी थांबला. पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाला, "हळूहळू या काकू, काही घाई नाही." काकूंनी पाणी घेतलं, थँक यू म्हटलं, तिथूनच मागे फिरल्या आणि तो सबंध उन्हाळा आल्या नाहीत.

"हॉस्पिटलात सगळे माझ्यासाठी थांबत होते गं वैशाली," त्या म्हणाल्या. "लिफ्टचं दार धरून थांबायचे. व्हीलचेअरला वाट देऊन थांबायचे. चेहरे असे करायचे की मलाच त्यांची दया यायची. आता मला नुसतं मागं राहू द्या. मागं राहणं चालते मला. पण पुन्हा कोणी थांबलं, तर मी बूटच टाकून देईन." काकू बोलल्या की ते काळ्या दगडावरची रेघ. त्या हे नुसतं म्हणत नव्हत्या.

चाणाक्ष वाचकांच्या एव्हाना सगळं लक्षात आलं असेल. मला मात्र ते कळायला फ्रान्सला जावं लागलं.

फ्रान्सची कल्पना काकूंचीच. केमोच्या दिवसांत पडल्या पडल्या त्या फोनवर फ्रान्समधल्या खेड्यांतले पळायचे रस्ते बघत असत. ओक आणि बीच या झाडांची जंगलं, त्यांतून जाणारी पायवाट, मधेच एखादं पडकं चर्च, आणि टेकडीवर एका जुन्या मठाचे भग्न अवशेष. "त्या मठापर्यंत मी माझ्या पायांनी पळत जाणार," असं त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. मग गेल्या मे महिन्यात आमचा अख्खा ग्रुप सुट्ट्या जुळवून बर्गंडीतल्या एका खेड्यात जाऊन थडकला. एक शेतघर भाड्यानं घेतलं. मठाची धाव शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवली.

मला वाटलं होतं, परक्या देशात तरी काका गप्प बसतील. पाट्या फ्रेंचमध्ये आणि काकांना फ्रेंचचा गंध नाही. छे! पहिल्याच सकाळी गावातल्या धुण्याच्या जुन्या हौदापाशी ते थांबले.

"काका, तुम्हाला कुठे कळतंय काय लिहिलंय ते?" मी म्हणाले.

"आकडे कळतात नं जी. आकडे सगळ्या भाषांत सारखे." एवढं बोलून त्यांनी पाटीवरच्या एका सालाला धरून राजा, राणी, दुष्काळ आणि एक प्रामाणिक धोबी असा संसार उभा केला. रियानं फोन धरून भाषांतर काढलं, तर पाटीवर फक्त छपराच्या दुरुस्तीची माहिती होती. काकांना त्याचं काही नाही. "छप्पर कोणासाठी दुरुस्त केलं? त्या धोब्यासाठीच नं?"

एका पडक्या चर्चमध्ये त्यांनी साधूंच्या खोल्या दाखवल्या. "आपल्या लेण्यांत भिक्खूंच्या खोल्या पाहिल्या नं तुम्ही? तसंच हे. ऊन, पाऊस, ध्यान आणि भूक. माणूस इथून तिथून एकच." हे मात्र त्यांनी असं सांगितलं की रियासुद्धा उड्या मारायची थांबली. आणि दर वेळी, गोष्ट निम्म्यावर आली की मागून काकू येऊन पोचायच्या, भिंतीला टेकून श्वास घ्यायच्या, गोष्ट ऐकायच्या, आणि पुढे सगळ्यांबरोबर निघायच्या. काका त्यांच्याकडे वळूनसुद्धा बघायचे नाहीत.

चौथ्या दिवशी काकूंचा गुडघा धरला. रियानं बर्फ लावून त्यांना खुर्चीत बसवलं. "तुम्ही जा सगळे," काकू म्हणाल्या. "मी ब्रेड आणून ठेवते."

आम्ही निघालो. त्या दिवशीचा रस्ता जंगलातला, जुन्या रोमन सडकेवरचा. दोन्ही बाजूंना इतिहास नुसता सांडलेला. म्हटलं, आज दुपार होणार. पण काका सुटले ते सुटलेच. पहिला दगडी क्रॉस गेला. एक पडका बुरूज गेला, पाटीसकट. मी धापा टाकत ओरडले, "काका, पाटी!"

"हाव, पाहिली!" असं म्हणून ते पुढच्या वळणाआड गेलेसुद्धा. एवढ्या वेगानं पळणारा माणूस आमच्यात आहे, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. आम्ही घामाघूम होऊन शेतघरी परतलो, तेव्हा काकू नुकत्या ब्रेड घेऊन येत होत्या.

"आज लवकर आले जी?" त्यांनी काकांना विचारलं. "पाट्या नव्हत्या का?"

काकांनी टॉवेलनं तोंड पुसलं. जरा जास्तच वेळ पुसलं. "होत्या. पण काही खास नव्हत्या," ते म्हणाले.

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नदीकाठची गिरणी, भर शर्यतीतलं ते दगडी घर, खचलेला खांब, प्रामाणिक धोबी. हा माणूस इतकी वर्षं पाट्यांसाठी थांबतच नव्हता. बायकोसाठी कुणी थांबायचं नाही, म्हणून तो सगळ्या ग्रुपला कशा ना कशासाठी थांबवून ठेवत होता, आणि ताकास तूर लागू देत नव्हता. आम्ही त्याला चऱ्हाट लावणारा म्हातारा म्हणून नावं ठेवत होतो. मला त्या क्षणी काकांची इतकी माया वाटली की मी उगीचच आत जाऊन स्वयंपाकघरातली भांडी विसळत बसले. रिया मागोमाग आली. तिच्याही लक्षात आलं होतं. "वी से नथिंग," ती हळूच म्हणाली. मी मान हलवली.

शेवटचा दिवस उजाडला. काकूंचा गुडघा बरा होता. निदान त्या तसं म्हणत होत्या. गावातून निघालो, हौद मागे पडला, मग जंगल लागलं. झाडांवर वाट दाखवणारे रंगाचे पट्टे, खाली ओल्या पानांचा थर. जंगलाच्या तोंडाशी एक क्रॉस होता, तिथे काकांनी एका धर्मयुद्धाची गोष्ट सांगितली आणि काकू वेळेवर पोचल्या. मग चढ सुरू झाला.

त्या चढावर काहीच नव्हतं. पाटी नाही, बुरूज नाही, एखादा पडका खांबसुद्धा नाही. नुसतीच झाडं, आणि झाडं संपल्यावर मोहरीची पिवळी शेतं. काकू मागे राहिल्या, आणखी मागे राहिल्या, आणि मग वळणामुळे दिसेनाशा झाल्या. मागे वळून बघायची सोय नव्हती. त्यांनी पाहिलं असतं तर संपलंच. काका पुढे पळत होते आणि त्यांची मान डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे फिरत होती. मी त्या माणसाला इतकं कासावीस झालेलं कधी पाहिलं नव्हतं. टेकडीवरचा मठ समोर दिसत होता. आम्ही सगळे तिथे आधी पोचून उभे राहिलो असतो, तर ते थांबणंच झालं असतं. ज्या मठासाठी काकूंनी ते सगळे दिवस काढले, तिथेच सात माणसं त्यांची वाट बघत, चेहरे करून उभी.

इतक्यात एका शेतघराचं फाटक आलं. फाटकावर पत्र्याची पाटी होती. पाटीवर कुत्र्याचं चित्र. अख्ख्या जगात कुठेही, कुठल्याही भाषेत, त्या चित्राचा अर्थ एकच असतो. आणि शंका राहू नये म्हणून एक लठ्ठ, म्हातारा कुत्रा फाटकाआड उन्हात पसरला होता.

काका थांबले. घसा खाकरला.

"हा जो कुत्रा आहे," ते म्हणाले, "हा साधासुधा कुत्रा नाही."

कुणी हसलं नाही. "नाही?" मी विचारलं. "मग कोणाचा, काका?"

"राजाचा. शिकारीचा."

"व्हिच राजा?" रियानं विचारलं. मग स्वतःच मराठीत म्हणाली, "काका, नीट सांगा. पहिल्यापासून."

काकांनी आमच्याकडे एकदा पाहिलं. आम्हाला कळलंय, हे त्यांना कळलं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी तसंच राहू दिलं, आणि सुरुवात केली. राजा जंगलात वाट चुकला. अंधार पडला. कुत्रा राजाचा अंगरखा दातांत धरून त्याला ओढत मठापर्यंत घेऊन गेला. ही एवढी गोष्ट काकांनी इतकी ताणली की अंगरख्याला अस्तर कोणत्या रंगाचं होतं, तेही आम्हाला समजलं.

काकू आल्या. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं. पाटीवरचं चित्र पाहिलं. झोपलेला कुत्रा पाहिला. मग नवऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ.

"लांब आहे का गोष्ट?" त्यांनी विचारलं.

"लांब आहे," काका म्हणाले.

"मग सांगा तुम्ही सावकाश. मी होते पुढं."

आणि त्या निघाल्या. आम्हा सगळ्यांना मागे टाकून, मोहरीच्या शेतांमधल्या त्या पांढऱ्या वाटेनं, आपल्या लयीत, मठाकडे. त्यांच्यापुढे रस्त्यावर कुणीच नव्हतं.

आमच्यातलं कुणी जागचं हललं नाही. काका फाटकाला धरून उभे होते, तोंड आमच्याकडे आणि डोळे त्या वाटेवर. राजानं कुत्र्याला जहागीर दिली, ते म्हणाले. कुत्र्याचं लग्न झालं. पिल्लं झाली. "नावं काय होती पिल्लांची?" मी विचारलं. काका एकेक नाव सांगत गेले, आम्ही पुढचं विचारत गेलो, आणि काकू मठाच्या कमानीतून आत जाईपर्यंत ती पिल्लं काही संपली नाहीत.