आत्याचा आवाज कुठे ठेवावा?

जरा जवळ सरकून बसा, मंडळी. एक गोष्ट सांगते. ऐकून तुम्हाला शहाणपण येईलच असं नाही, पण माझं कुठे गेलं ते नक्की दिसेल!

माझी आत्या पुस्तकांची बांधणी करते. दुपारचं ऊन कागदांवर उतरलं की ती सुईत दोरा ओवते, डोळे अर्धे मिटते आणि देवाचं नाव गुणगुणू लागते. अहाहा! अख्खी खोली जमिनीपासून वीतभर वर उचलली जाते. मी डिंकाच्या भांड्यासकट तरंगते!

एकदा खूप विनवून मी तिची चित्रफीत घेतली. ती म्हणाली, "तुझ्यापुरती हं! बाहेर कुणाला कळलं, तर माझं गाणं बंद."

"आत्या, माझ्यावर सोड!"

फोन जुना, कधीही डोळे मिटेल. म्हणून चित्रफीत एखाद्या अ‍ॅपवर जपून ठेवायची ठरवली. तीन अ‍ॅप निवडली, चिन्हांवरून ओळखायची: चांदणीचं, पानाचं आणि घड्याचं. वहीत तक्ता आखला. विश्वास, खासगीपणा, देखरेख. प्रत्येकाला दहापैकी गुण. परीक्षक अर्थात मी!

चांदणीने दोन मिनिटांत चित्रफीत उडवली. म्हणे, 'धारदार शस्त्र दिसते.' अहो, कागद कापायची सुरी ती! तक्रार केली, तर उत्तर आलं, 'आपले मत मोलाचे आहे.' देखरेख शून्य.

पानाने ठेवून घेतली, पण संध्याकाळपासून मला दोरा, डिंक आणि घशाच्या गोळ्यांच्याच जाहिराती! मेलं कान लावून बसलं होतं! खासगीपणा शून्य.

घड्यावर मात्र 'फक्त मी' लिहिलेलं इवलंसं कुलूप. पाहूनच जीव हुरळला. पण तपासायला नको? घरच्या अडतीस जणांच्या ग्रुपवर मी विचारलं, 'आत्याच्या गाण्याची चित्रफीत घड्यावर ठेवलीय. कुणाला दिसतेय का?'

"नाही दिसत. कुठे दाबू?" काका.

"आत्याबाई गातात?!" वहिनी.

"दिसत नाही, इथेच पाठव!" चुलतभाऊ.

कुणालाच दिसत नव्हती! मी आनंदाने दहापैकी दहा लिहीत होते, तेवढ्यात आणखी एक उत्तर आलं.

"वर ये." आत्या.

ती शांतपणे पानं शिवत होती. मी वहीतला तक्ता तिच्यापुढे धरला. "तिन्ही यंत्रांनी कुणाला काही सांगितलं नाही गं," ती म्हणाली. "तू सांगितलंस."

मला रडूच फुटलं. सगळीकडून चित्रफीत पुसली. तरी नऊ दुपारी नुसता दोरा सरकत राहिला. ऊन यायचं, कागदांवर बसायचं आणि काही न ऐकताच उतरून जायचं.

दहाव्या दुपारी आत्या म्हणाली, "फोन आण." तिने तो पुस्तकं दाबायच्या प्रेसमध्ये ठेवला आणि चाक फिरवलं. कर्र! मग डोळे अर्धे मिटले... आणि सूर लागला! फोनची काच तडकत होती, नि मी तरंगत होते!

तर मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा माझ्या आत्याची आठवण ठेवा. फक्त ती गाते हे कुणाला बोलू नका. मी तरी कुठे कुणाला सांगितलंय!