आजाराच्या आधी येणारा कायदा

आमच्या बिल्डिंगमध्ये टँकर आला की पहिलं पाणी टँकरचा ड्रायव्हर प्यायचा. सगळ्यांसमोर, पितळी पेल्यातून, गुप्तेकाकांच्या हुकुमावरून.

"पी," काका म्हणायचे. "पूर्ण. तळ दिसू दे."

"काका, मी डायवर हाय," जवळच्या मुर्धा गावचा हरेश वैतागायचा. "पानी चाखायची नोकरी न्हाय माझी."

"सबब, तू पिणार नाहीस? मग गुंडाळ पाइप."

हरेश प्यायचा. साक्षीदाराकडे बघावं तसे काका त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे आणि मगच जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडायचे. मी हे सगळं तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून बघायचे. खाली जायची हिंमत नव्हती, पण एकही टँकर मी चुकवला नाही.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. गिरगावातली एक खोली सोडून आम्ही मीरा रोडला दोन खोल्यांत आलो होतो. खोली वाढली, पाणी गेलं. नळाला दिवसाआड थोडंसं यायचं, बाकी भिस्त टँकरवर. पाहुणे आले की पाण्याच्या ट्रेकडे बघून घाईघाईनं म्हणायचे, "नको नको, आत्ताच प्यायलो."

काका आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एकटेच राहायचे. तेही मूळचे गिरगावातलेच; काकू तिथे असतानाच वारल्या होत्या आणि मुलगी लग्न होऊन दादरला होती. उभा जन्म कोर्टात शिरस्तेदार म्हणून काढल्यामुळे त्यांच्या तोंडात कायद्याची भाषा मुरली होती. मांजर दूध प्यायली तरी "सदरहू मांजर." आणि त्यांचा खरा राग कायद्यावरच होता.

"पाणी कुणाचं, किती, बिल किती, हे सगळं कायदा सांगतो," ते जिन्यात कुणालाही अडवून म्हणायचे. "पिणाऱ्याच्या पोटाचं काय? माणसं आजारी पडली की मग चौकशी, मग फवारणी, मग दंड. आपला कायदा नेहमी ॲम्ब्युलन्सच्या मागून धावतो. तो पुढे धावला पाहिजे!"

एके दिवशी त्यांनी मलाच अडवलं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून ते मला कॉन्व्हेंट म्हणायचे. "कॉन्व्हेंट, तू मायक्रोबायॉलॉजी शिकतेस ना? हरेशच्या साक्षीबद्दल तुझं मत काय?"

मी चपलांकडे बघत म्हटलं, "काका, पाण्यातून कावीळ झाली तर कळायलाच काही आठवडे जातात. हरेश आज ठणठणीत दिसला म्हणून काही सिद्ध होत नाही."

मला वाटलं, चिडतील. काका जिन्याच्या पायरीवर बसले आणि चेहरा उजळून ओरडले, "साक्षीदार कुचकामी! मग पुरावा काय धरायचा, बोल!"

त्या दिवसापासून मी त्यांची लेखनिक झाले. सोसायटीचा पाणी-नियम करायचा आणि तो मे महिन्याच्या सुट्टीआधी मंजूर करून घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं. मेच का, असं विचारलं तर म्हणायचे, "कायद्याला मुदत असते." नियम मराठीत आणि इंग्रजीतही, कारण इंग्रजी कागद बघून टँकरचा मालक दबकतो. टँकर कुठे भरला ते आधी सांगायचं. पाणी चांगलं आहे हे विकणाऱ्यानं दाखवायचं. वाईट आहे हे पिणाऱ्यानं सिद्ध करत बसायचं नाही. टाकी ठरल्या वेळी धुवायची, पाणी लॅबमध्ये तपासायचं, निकाल बोर्डावर लावायचा, आणि तो विचारायचा हक्क भाडेकरूलासुद्धा. ते भराभर सांगायचे, मी लिहायचे, आणि "सबब"चं इंग्रजी काय करायचं यावर आमचा चहा गार व्हायचा. घरी कुणी मला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

सोसायटीची सभा गच्चीवर भरली. बायका नेहमीप्रमाणे जिन्यात उभ्या. सेक्रेटरी मेहताभाईंनी कागद वाचून विचारलं, "गुप्तेसाब, लेकिन अभी तो कोई बीमार नहीं है ना?"

"म्हणून तर!" काका उभेच राहिले. "दुकान का ताला चोरी के बाद लगाते हो क्या, मेहताभाई?"

"होगा तब देखेंगे ना. खाली-पीली खर्चा."

पुरुषांच्या माना डोलू लागल्या. काकांचा आवाज चढला, मग चिरकला. नियम बुडणार हे दिसत होतं. मी जिन्यातूनच म्हटलं, "पाणी उकळणाऱ्यांना विचारा ना. त्या इथे उभ्या आहेत."

माझ्या मागून मेहताबेन कडाडल्या, "हाँ, पूछो! रोज दो-दो पतीला मैं उबालती हूँ. सिलिंडर खतम होता है तो नंबर तुम लगाते हो? पास करो!"

"पास करो!" जिना घुमला. मेहताभाईंनी सगळ्यात आधी हात वर केला. काका इतके हरखले की अध्यक्षांना "युवर ऑनर" म्हणाले.

टाकी धुतली. तळातून निघालेला गाळ काकांनी सगळ्यांना जबरदस्तीनं दाखवला. नमुना तपासायला मीच घेऊन गेले. निकाल चांगला आला तेव्हा शाळांच्या परीक्षा संपत आल्या होत्या. काका तडक कोपऱ्यावरच्या दुकानातल्या लाल फोनकडे निघाले आणि पुरावा म्हणून मलाही बरोबर घेतलं.

फोन मुलीला होता.

"अगं, नियम पास झाला. सोसायटीचा ठराव आहे, साधी गोष्ट नाही. निकाल माझ्या हातात आहे. ही कॉन्व्हेंट साक्षीला उभी आहे." मग पलीकडचं ऐकत राहिले. "नाही गं, विसरलो नाही. माझ्याच हातचं पाणी प्यायला होता तो. डोळे पिवळे झाले होते पोराचे, कसा विसरेन?"

मी बरण्यांकडे बघू लागले. त्यांची मुलगी अधूनमधून रविवारी यायची. खांद्यावर दादरच्या पाण्याचा मोठा थर्मास असायचा. नातवाला त्यातलंच पाणी देऊन ती उन्हं उतरायच्या आत परत जायची. एकदा राहिला होता तो, गेल्या मे महिन्यात. त्यानंतर कधीच नाही.

"तर सबब," काका घसा साफ करून म्हणाले, "त्याला सुट्टीत राहायला पाठव. तूही ये. आणि हे बघ, येताना पाणी आणायचं नाही."

पलीकडून बराच वेळ काहीतरी सांगणं चाललं होतं. काकांनी निकालाचा कागद हळूच घडी करून खिशात ठेवला.

"बरं," ते म्हणाले. "आण. हवं तेवढं आण. पण या."