एक मात्रा कमी करणेबाबत

निवृत्त अव्वल कारकून के. चन्नबसप्पा हे अणदूरच्या एका वाचनालयाच्या वेबसाइटवर वारले. नावाआधी वडिलांचं आद्याक्षर लावायची त्यांची कन्नड वळणाची हौस, त्या 'के.'वर एक मात्रा जास्त पडली आणि 'कै.' झालं. ज्येष्ठांची ती यादी त्यांनीच टाइप केली होती. खाली 'वाचून खात्री केली' ही सहीही त्यांचीच.

संध्याकाळी पाचला ज्येष्ठांचा सत्कार होता आणि नावं त्याच पानावरून वाचली जाणार होती. वेबसाइट सांभाळणाऱ्या पुतणीनं, शिवलीलानं, बारा वाजता त्यांना लॅपटॉपपुढं बसवलं. मात्रा एका बोटानं गेली. मग एक कोरी खिडकी उघडली.

"हा कमिट मेसेज, अप्पा. काय बदललं, का बदललं, एक ओळ लिहा. सेव्ह करून बंद केलं की बदल पक्का," असं सांगून ती ऑफिसच्या कामाला लागली.

बत्तीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला एक ओळ म्हणजे अपमानच. अप्पांनी 'विषय' घातला, 'संदर्भ' घातला. 'सदर इसम हयात असल्याचे दिसून येते' हे चारदा खोडलं. 'दिसून येते'ला पुरावा लागतो, म्हणून 'समजते' केलं. 'निधन रद्द' की 'निधन स्थगित' यात तास गेला. 'स्थगित' ठेवलं, पुढंमागं उपयोगी पडेल. विषयापासून प्रत्येक ओळीआधी 'क्रमांक' म्हणून # काढायची त्यांची जुनी सवय. एकेचाळीस मुद्दे झाले.

पावणेपाचला त्यांनी खिडकी बंद केली. उत्तर आलं: मेसेज रिकामा आहे, बदल रद्द.

"अप्पा, # नं सुरू झालेली ओळ हे वाचतच न्हाय," शिवलीला डोकावून म्हणाली.

"आमचे साहेबबी वाचत नव्हते. पण ते सांगत तर नव्हते."

"सरका, एका ओळीत उरकते."

"आन् मसुदा वाया घालवू व्हय?"

ते एकेक # खोडत बसले. एकोणिसाव्याला वाचनालयाचा पाचचा भोंगा वाजला.

सभागृहात शिरले तेव्हा सचिव व्यंकट माइकवर वाचत होता, "कैलासवासी चन्नबसप्पा. दोन मिनिटं उभं ऱ्हावं."

"व्यंकटा, म्या हितं हाय की."

"दिसतंय की अप्पा. सकाळी चहा संगंच घेतलाव. पण खाली सही तुमचीच हाय."

सहीपुढं अप्पांचा इलाज नव्हता. ते उभे राहिले, मान खाली घातली, आणि घड्याळ लावून दोन मिनिटं पूर्ण पाळली.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. श्रद्धांजली वाहणाऱ्यांत पहिलं नाव कै. चन्नबसप्पा यांचं होतं. तुमच्या घरीही तोच पेपर येतो. काही खटकल्याचं पत्र अजून एकही आलेलं नाही.